कोपरा ओलांडण्याचा हक्क: अमेरिकेतली सरकारी जमीन, शिकारी आणि खासगी मालकी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सुमारे ८३ लाख एकर सरकारी जमीन अशी आहे, की ती कागदोपत्री सगळ्या जनतेची आहे, पण तिच्यावर जायला धड वाट नाही. तिच्या चारही बाजूंना खासगी जमिनी लागून आहेत. दुसऱ्या सरकारी जमिनीला ती टेकते ती फक्त कोपऱ्याच्या टोकाशी. शिकाऱ्यांसाठी आणि भटक्यांसाठी नकाशांचं अ‍ॅप बनवणाऱ्या ऑनएक्स या कंपनीने २०२२ साली हा हिशेब मांडला. असे अडकलेले कोपरे तिने मोजले, ते २७ हजारांच्या वर निघाले. ८३ लाख एकर म्हणजे गोव्याच्या साधारण नऊपट मुलूख. एवढ्या जमिनीचा मालक देशातला प्रत्येक नागरिक, आणि ती प्रत्यक्षात वापरणार मात्र शेजारचा जमीनदार.

मग प्रश्न असा, की त्या टोकावरून एका सरकारी तुकड्यातून पाय उचलून समोरच्या सरकारी तुकड्यात ठेवला, मध्ये खासगी जमिनीला बोटसुद्धा लावलं नाही, तर तो गुन्हा होतो का? याला तिकडे ‘कॉर्नर क्रॉसिंग’ म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त काळ याचं सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं. मिसूरी राज्यातून वायोमिंगला एल्कच्या (आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण त्याहून मोठं जनावर) शिकारीसाठी आलेल्या चार जणांवर खटला झाला, तो चार वर्षं चालला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला, तेव्हा निदान सहा राज्यांपुरतं उत्तर मिळालं. हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. मालकी म्हणजे नेमकं काय, आणि ती कुठे थांबते, हे त्यात फार स्पष्ट दिसतं.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हाच आहे. अमेरिकेत तसं नाही. तिथे रानातले प्राणी कुणा जमीनदाराच्या मालकीचे नसतात, राज्य सरकार ते लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. किती जनावरं मारायची, कुठल्या हंगामात, कुणी, हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं आणि तेवढेच परवाने देतं. त्या परवान्यांची फी, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवर बसणारा कर, यातून तिथल्या वन्यजीव संवर्धनाचा मोठा खर्च भागतो. म्हणून शिकारी स्वतःला उपरा समजत नाही. तो म्हणतो, जमीन आमची, जनावर आमचं, पैसे आम्ही भरतो, मग वाट का अडवता? शिकार तुम्हाला पटो न पटो, त्याच कोपऱ्यावर उद्या कॅमेरा घेऊन पक्षी बघायला गेलेली बाई उभी असेल, तरी कायद्याचा प्रश्न तसूभरही बदलत नाही.

ही विचित्र जमीन तयार झाली कशी, ते आधी पाहू. सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

१७८५ साली, देश नुकता स्वतंत्र झालेला असताना, अमेरिकी काँग्रेसने पश्चिमेकडची जमीन मोजण्याची एक पद्धत ठरवली. डोंगर असो, नदी असो, सगळीकडे सरळ रेघा मारायच्या. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे एक टाउनशिप, त्यात एक-एक मैलाचे ३६ चौकोन. अशा एका चौकोनाला सेक्शन म्हणतात. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर. प्रत्येक सेक्शनला १ ते ३६ असा क्रमांक.

पुढे १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच, लिंकन सरकारने पॅसिफिकपर्यंत रेल्वे न्यायचं ठरवलं. तिजोरीत रोकड कमी होती, जमीन मात्र अमाप होती. (ती जमीन मूळ रहिवाशांची होती, त्यांना हटवूनच ती ‘सरकारी’ झाली होती. या सगळ्या वादात त्यांचं नाव जवळजवळ कुणीच घेत नाही, हे इथे नोंदवलंच पाहिजे.) युनियन पॅसिफिकसारख्या कंपन्यांना सरकारने सांगितलं, की तुम्ही रूळ टाका, त्याच्या मोबदल्यात रुळाच्या दोन्ही अंगांची जमीन घ्या. पण सलग पट्टा मात्र द्यायचा नाही. विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेला, सम क्रमांकाचे सरकारकडे. १८६४च्या दुरुस्तीनंतर हा पट्टा रुळाच्या एकेका बाजूला वीस मैल रुंद झाला.

एकाआड एक का, तर यामागे एक हिशेब होता. रेल्वे आली की आसपासच्या जमिनीचा भाव वाढणार. सरकारने आपल्याकडचे सेक्शन एरवीच्या सव्वा डॉलरऐवजी अडीच डॉलर एकराने विकायचे ठरवले. म्हणजे अर्धी जमीन फुकट देऊनही उरलेल्या अर्ध्या जमिनीत सगळी किंमत वसूल. कागदावर हे गणित फार सुंदर दिसतं. पण वायोमिंगचा तो भाग कोरडा, उंच, वाऱ्याचा. १६० एकरांत तिथे शेतकऱ्याचं पोट भरत नाही. गिऱ्हाईक फिरकलंच नाही, आणि सरकारचे सम क्रमांकाचे सेक्शन पडून राहिले. रेल्वेने आपले विषम सेक्शन हळूहळू पशुपालकांना विकले. पुढे १९७६ साली काँग्रेसने धोरणच बदललं आणि उरलेली जमीन साधारणपणे सरकारकडेच ठेवायचं ठरवलं. आज ती मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याकडे आहे.

नकाशावर हा पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘चेकरबोर्ड’ म्हणतात. समजा काळी घरं खासगी आणि पांढरी सरकारी. पांढऱ्या घरातून पांढऱ्या घरात जायचं तर उंटासारखं तिरकंच जावं लागतं. पटावर उंटाला कुणी अडवत नाही. जमिनीवर मात्र अडचण अशी, की चार सेक्शन जिथे मिळतात तो नुसता बिंदू असतो. त्याला लांबी नाही, रुंदी नाही. माणसाला खांदे असतात, पाठीवर पोतडी असते. पाय कितीही नेमका टाकला, तरी अंगाचा काही भाग क्षणभर बाजूच्या खासगी जमिनीवरच्या हवेतून जाणारच.

तेवढ्या हवेवरून हा सगळा खटला झाला.

वायोमिंगच्या कार्बन काउंटीत एल्क माउंटन नावाचा अकरा हजार फुटांवरचा डोंगर आहे. त्याच्या अंगाखांद्यावर सुमारे बावीस हजार एकरांची एक रँच, म्हणजे गुरं राखायची मोठी खासगी जमीन, आहे. तिची मालकी आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीकडे, आणि कंपनी उत्तर कॅरोलिनातल्या एका औषध उद्योजकाची. रँचच्या चौकोनांमध्ये हजारो एकर सरकारी जमीन अडकलेली आहे, आणि डोंगरावर एल्कचे चांगले कळप असतात.

२०२० साली मिसूरीहून काही शिकारी तिथे आले. रॅटलस्नेक पास रोड या सार्वजनिक रस्त्यावरून ते लगतच्या बीएलएमच्या जमिनीवर उतरले आणि मोबाइलवरचा नकाशा बघत पहिल्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे जमिनीत सरकारी मोजणीची खूण पुरलेली असते, वर पितळेची टोपी, तिच्यावर सेक्शनचे आकडे कोरलेले. खूण सापडली. पण तिच्या दोन बाजूंना, रँचच्या हद्दीत, लोखंडी खांब रोवलेले होते. खांबांवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या, आणि दोन्ही खांबांमध्ये साखळी बांधून कुलूप घातलेलं. गंमत म्हणजे त्या खांबांना जोडून पुढे कुंपणच नव्हतं. गुरं अडवायला ते नव्हतेच. त्या बिंदूवरून माणूस जाऊ नये, एवढंच त्यांचं काम. शिकाऱ्यांनी एका खांबाला धरून पलीकडे पाय टाकला.

पुढच्या वर्षी ते चौघे आले, आणि येताना लोखंडी शिडी बनवून घेऊन आले. त्यांच्यातल्या एकाचा धंदाच कुंपणं उभारण्याचा आहे, त्यामुळे शिडी घरच्या घरी झाली. खांबाला, साखळीला हात न लावता अलीकडच्या सरकारी जमिनीतून चढायचं आणि पलीकडच्या सरकारी जमिनीत उतरायचं. रँचच्या व्यवस्थापकाने शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे, आणि वन्यजीव खात्याकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर चौघांवर विनापरवाना प्रवेशाचा फौजदारी गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२२ मध्ये रॉलिन्स गावच्या न्यायालयात सहा जणांच्या ज्युरीने चौघांनाही निर्दोष ठरवलं.

तेवढ्याने संपलं नाही. त्याआधीच रँचमालकाने दिवाणी दावा लावला होता. त्यात मागितलेल्या भरपाईचा आकडा ७७ लाख ५० हजार डॉलरपर्यंत गेला. चौघांनी काही मोडलं नव्हतं, गवताची काडी तुडवली नव्हती. मग एवढं नुकसान कसलं? मालकाचं म्हणणं असं, की कोपरा ओलांडणं कायदेशीर ठरलं तर रँचची बाजारातली किंमत तेवढ्याने घसरेल. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याच्या आधी मालकाची बाजू नीट ऐकू या. ती कच्ची अजिबात नाही.

मालकीतला सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे दुसऱ्याला ‘येऊ नको’ म्हणण्याचा अधिकार. अमेरिकी न्यायालयांनी हे वारंवार म्हटलं आहे, २०२१ साली कॅलिफोर्नियाच्या सीडर पॉइंट नर्सरी खटल्यात तर फारच ठासून. तिथे कामगार संघटनेच्या लोकांना शेतमालकाच्या जमिनीवर वर्षातून काही दिवस जाऊ देण्याचा नियम होता. भरपाई न देता असा प्रवेश लादणं म्हणजे मालकाचा हक्क काढून घेणं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. दुसरा मुद्दा हवेचा. वायोमिंगच्या कायद्यानुसार जमिनीवरची हवाही जमीनमालकाचीच. १९४६च्या कॉस्बी खटल्यात, उत्तर कॅरोलिनातल्या एका कोंबडीपालकाच्या खुराड्यांवरून लष्करी विमानं इतकी खालून जायची की कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरायच्या. मालकी आभाळापर्यंत जाते ही जुनी समजूत विमानांच्या काळात टिकत नाही, असं न्यायालयाने तेव्हा सांगितलं. पण त्याच निकालात हेही म्हटलं, की जमिनीलगतची, वापरात येणारी हवा मालकाचीच आहे, आणि कोंबडीपालकाला भरपाई द्या. कोपऱ्यावरची खांद्याएवढ्या उंचीची हवा कुठल्या बाजूला पडते, ते वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. तो याच कार्बन काउंटीतला आहे. तिथे सेमिनो नावाचं धरण आहे. त्याच्या जलाशयावर मासेमारीला जाणाऱ्या लोकांना चेकरबोर्डमधले जमीनमालक अडवत होते. म्हणून सरकारने एका कोपऱ्याजवळ लिओ शीप कंपनी या मेंढपाळ कंपनीच्या जमिनीतून कच्चा रस्ता काढला. सरकार म्हणालं, रेल्वेला जमीन दिली तेव्हा आमच्या उरलेल्या जमिनीवर जाण्याचा हक्क आम्ही न सांगताही राखून ठेवलाच होता. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने फेटाळलं. रस्ता हवा असेल तर जमीन संपादन करा, पैसे मोजा. जे १८६२ साली लिहून ठेवलं नाही, ते आता गृहीत धरता येणार नाही.

हे वाचताना आपल्याकडचा शेतरस्त्याचा वाद कुणाच्याही डोळ्यासमोर येईल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे, ज्याच्या गटात जायला वाट नाही अशा शेतकऱ्याला तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देऊ शकतो. पण तो अर्ज करायचा असतो जमीनधारकाने, आपल्या स्वतःच्या शेतासाठी. तसा गरजेपोटीचा वाटेचा हक्क अमेरिकेतही खासगी मालकाला मिळतो. सरकारला मात्र तो नाही, कारण सरकारच्या हातात भूसंपादनाचं अस्त्र आहे, असं लिओ शीप निकालाने सांगितलं. त्यामुळे झालं असं, की सरकारने ते अस्त्र उचलायचंच नाही असं ठरवलं, तर सामान्य माणसाची वाट कायमची बंद. कोपऱ्यावर उभा असलेला शिकारी तर भूसंपादन करू शकत नाही.

यावर, मालकांच्या रोजच्या तक्रारीही खऱ्या आहेत. लोक नकाशा चुकीचा वाचतात आणि भलतीकडे शिरतात. फाटक उघडं टाकतात, गुरं बाहेर पडतात. वणव्याच्या दिवसांत कुणी शेकोटी पेटवतं. विणीच्या हंगामात कुत्री मोकळी सोडतात. वायोमिंगमधल्या पशुपालकांची संघटना या खटल्यात रँचच्या बाजूने उभी राहिली ती काही उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या कुटुंबांची त्यात मोठी संख्या आहे, सगळे कोट्यधीश नाहीत.

मग शिकारी जिंकले कशाच्या जोरावर? एका जुन्या, बराचसा विसरल्या गेलेल्या कायद्याच्या.

१८७४ साली इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. लाकूड नसलेल्या माळरानात मैलोन्‌मैल कुंपण घालणं अचानक स्वस्त झालं. दहा वर्षांत बड्या पशुपालकांनी सरकारी माळरानं तारेने वेढून टाकली. आतलं गवत त्यांच्या गुरांना, बाकीच्यांना मज्जाव. नवीन वस्ती करायला आलेले शेतकरी, लहान गुरेवाले, टपाल घेऊन जाणारे, सगळे तारेबाहेर. तक्रारी वॉशिंग्टनपर्यंत गेल्या आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये काँग्रेसने बेकायदा कुंपणांविरुद्ध कायदा केला, तो ‘अनलॉफुल इन्क्लोजर्स अ‍ॅक्ट’. सरकारी जमीन कुणी वेढायची नाही, एवढंच तो म्हणत नाही. बळजबरीने, धमकावून, कुंपण घालून किंवा आणखी कुठल्या बेकायदा मार्गाने कुणालाही सरकारी जमिनीवर शांतपणे जाण्यापासून किंवा तिच्यावरून ये-जा करण्यापासून रोखायचं नाही, असंही त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

पळवाट काढणारे लगेच निघाले. कोलोरॅडोत कॅमफिल्ड नावाच्या जमीनदाराने रेल्वेचे विषम सेक्शन घेतले आणि कुंपणाचा प्रत्येक खांब स्वतःच्याच जमिनीत रोवला. सरकारी जमिनीला खांब टेकतसुद्धा नव्हता. पण चेकरबोर्डची करामत अशी, की एवढ्यानेच आतली सुमारे वीस हजार एकर सरकारी जमीन कोंडली गेली. माझ्या जमिनीत मी कुंपण घातलं, यात गैर काय, असा त्याचा सवाल होता. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, की कुंपण तुझ्या जमिनीत असलं तरी त्याचा हेतू आणि परिणाम सरकारी जमीन गिळण्याचा आहे, म्हणून ते काढ. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. आपल्या मालकीच्या वस्तूचा वापर करूनही दुसऱ्याचं काढून घेता येतं, आणि कायदा ते चालू देणार नाही, हे तिथे ठरलं.

१९१४ साली वायोमिंगमधल्या मॅके नावाच्या मेंढपाळाचं प्रकरण आलं. चेकरबोर्डमधून मेंढ्या हाकताना त्यांचे पाय खासगी सेक्शनला लागले म्हणून जमीन कंपनीने भरपाई मागितली. अपील न्यायालय मेंढपाळाच्या बाजूने उभं राहिलं. सरकारी चराई सगळ्यांना खुली आहे, मग तिथे पोचायला वाजवी वाट हवीच, असं त्याचं म्हणणं. आणि मला स्वतःला सगळ्यात भिडतं ते रॉलिन्सजवळच्या रेड रिमचं प्रकरण. तिथे एका रँचमालकाने १९८३ साली २८ मैलांचं उंच कुंपण घातलं. प्राँगहॉर्न हे हरणासारखं दिसणारं जनावर वाऱ्यासारखं पळतं, पण उडी मारायला धजत नाही. हिवाळ्यात बर्फ कमी असलेल्या ज्या माळावर ते कळप चरायला उतरायचे, तो माळ तारेपलीकडे गेला. जनावरं कुंपणाशी येऊन अडली, उपाशी मेली. १९८८ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंगसह सहा राज्यांसाठीच्या केंद्रीय, अपील न्यायालयाने सांगितलं, की १८८५चा कायदा इथेही लागतो, जनावरांची वाट मोकळी करा. म्हणजे एल्क माउंटनचं प्रकरण आलं, तेव्हा त्याच न्यायालयाच्या खात्यात हा निकाल आधीच जमा होता. प्राँगहॉर्नला सरकारी जमिनीवर जाऊ दिलं पाहिजे आणि माणसाला नाही, असं म्हणणं मग अवघड होतं.

मे २०२३ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाचे, न्यायाधीश स्कॉट स्काव्हडाल यांनी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मालक अपिलात गेला. १८ मार्च २०२५ रोजी दहाव्या सर्किटने तोच निकाल कायम केला, निकालपत्र न्यायाधीश टिमोथी टिम्कोविच यांनी लिहिलं. त्यातली मांडणी मला प्रामाणिक वाटते. राज्याच्या कायद्याने पाहिलं तर कोपरा ओलांडणं हा खासगी हवेतला विनापरवाना प्रवेश आहे, हे न्यायालयाने झाकून ठेवलं नाही. पण वायोमिंगचा हा नियम वापरून जर हजारो एकर सरकारी जमीन कोंडता येत असेल, तर त्या नियमाने तेच काम केलं जे १८८५च्या आधी काटेरी तार करत होती. तार नाही, खांब आणि खटल्याची धमकी आहे, एवढाच फरक. आणि केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा आमनेसामने आले की केंद्राचा वरचढ ठरतो.

भरपाईशिवाय हक्क काढून घेतल्याची तक्रारही टिकली नाही. काढून घ्यायला तो हक्क आधी असावा लागतो. सरकारी जमीन कोंडण्याचा अधिकार १८८५ पासून कुणालाच नव्हता, तो या मालकाला जमिनीबरोबर विकत मिळणं शक्यच नव्हतं. लिओ शीपचं काय? तिथे सरकारला रस्ता हवा होता, कायमचा, खासगी जमिनीवर माती ओढून केलेला. इथे कुणी खासगी जमिनीला पाय लावला नाही, मागे काही ठेवलं नाही. दोन्ही निकाल शेजारी शेजारी नांदू शकतात.

आता ७७ लाख डॉलरच्या त्या आकड्याकडे येतो. रँचची किंमत त्या आकड्याच्या काही पट होती, तेव्हा मालकाच्या मते वाट खुली झाल्याने किमतीचा मोठा हिस्सा उडणार होता. पण रँचची एक फूट जमीन कमी झाली नव्हती. गवत तेवढंच, पाणी तेवढंच, घर तेवढंच. मग उडालं काय? तर आतल्या सरकारी जमिनीचा एकट्याने घ्यायचा उपभोग. म्हणजे बाजार इतकी वर्षं जनतेच्या जमिनीला खासगी जमिनीचा भाव लावत होता, आणि विकणारे ते पैसे खिशात घालत होते. शिकाऱ्यांच्या वकिलांनी काहीही सांगितलं नसतं, तरी मालकाने स्वतः मांडलेला हा एक आकडा पुरेसा होता, असं मला मनापासून वाटतं. मालकीच्या हक्काचा मला आदर आहे. ज्याने कष्टाने जमीन घेतली, त्याच्या परवानगीशिवाय तिच्यावर कुणी पाऊल ठेवू नये. पण शेजाऱ्याच्या जमिनीची किंमत स्वतःच्या सातबाऱ्यावर चढवायची आणि मग तिला ‘माझी मालमत्ता’ म्हणायचं, याला मालकी म्हणता येत नाही. इथे तर शेजारी म्हणजे अख्खा देश आहे.

मालकाने सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. यातली एक गोष्ट बातम्या वाचताना निसटते. ऐकायला नकार देणं म्हणजे खालचा निकाल बरोबर आहे असं सांगणं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की दहाव्या सर्किटचा निकाल त्याच्या हद्दीत कायम राहिला. ही हद्द म्हणजे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा.

निकालाची कक्षाही अरुंद आहे. चेकरबोर्डमध्ये, पायी, सरकारी जमिनीतून थेट सरकारी जमिनीत, खासगी जमिनीच्या पृष्ठभागाला न लागता, काही न मोडता. गाडी घेऊन जाता येत नाही. खासगी जमिनीवरून ‘थोडंसंच’ कापत जाता येत नाही. दोन सरकारी तुकडे कोपऱ्याशीही टेकत नसतील, मध्ये दहा फूट खासगी जमीन असेल, तर हा निकाल काही कामाचा नाही. आणि अ‍ॅपवरच्या रेषेवर विसंबून चालत नाही, कारण मोबाइलची जागा काही फुटांनी चुकू शकते आणि इथे प्रश्न इंचांचा आहे. कोलोरॅडो-युटाकडे भटकायला जाणारी आपली मराठी मंडळी बरीच आहेत. त्यांनीही हे लक्षात ठेवावं, की मोजणीची पितळी खूण डोळ्यांना दिसल्याशिवाय कोपरा ओलांडायचा नाही.

कोर्टकचेरीशिवायचे मार्गही आहेत, आणि खरं तर तेच जास्त चालायला हवेत. वायोमिंगचं वन्यजीव खातं ‘अ‍ॅक्सेस यस’ या योजनेतून जमीनमालकांना मोबदला देतं आणि त्यांच्या जमिनीवर शिकाऱ्यांना चालत जायची मुभा मिळवतं. मोंटानात ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ नावाने असंच चालतं. काही ठिकाणी सरकार आणि मालक सेक्शनांची अदलाबदल करतात, म्हणजे दोघांचीही जमीन सलग होते. यात मालकाचा मान राहतो आणि माणसाला शिडी वाहून न्यावी लागत नाही. पण अदलाबदलीला वर्षानुवर्षं लागतात, आणि ज्याला आतली जमीन फुकटात एकट्याला मिळते आहे त्याने ती करायला कशाला यावं? आता निदान त्या सहा राज्यांत मालकाला बोलणी करायला कारण मिळालं आहे.

सीमेपलीकडे मात्र जुनाच गोंधळ आहे. मोंटाना आणि आयडाहो नवव्या सर्किटमध्ये येतात, तिथे दहाव्या सर्किटचा निकाल बंधनकारक नाही. मोंटानाचं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं आजही बेकायदाच मानतं, आणि तिथल्या जमीनमालकांच्या एका संघटनेने एल्क माउंटनच्या खटल्यात रँचच्या बाजूने म्हणणं मांडलं होतं. म्हणजे वायोमिंगच्या उत्तर सीमेच्या अलीकडे जे पाऊल बिनधास्त टाकता येतं, तेच पलीकडे टाकलं तर समन्स येऊ शकतं. १८८५चा कायदा मात्र दोन्हीकडे एकच आहे. तिथून कुणावर असा खटला झाला आणि नवव्या सर्किटने वेगळा निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाला हा कोपरा टाळता येणं कठीण होईल.